पोकळ आवाजाचा दाखला

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि धड पाऊस होऊन तीन. नव्या जिल्ह्यासाठी खुर्च्या, कपाटं, शिक्के असं सगळं उस्मानाबादहून ट्रकात घालून आणलं, पाऊस तेवढा तिकडंच विसरला, असं कौठाळीची माणसं म्हणायची. कौठाळी हे अहमदपूर तालुक्याचं अगदी शेवटचं गाव. ओढा ओलांडला की मुखेड तालुका, म्हणजे जुना नांदेड जिल्हा. गावाला दिवसाआड एक टँकर यायचा, आणि तो आला की कुणाच्याही घागरीत थेंब पडायच्या आधी लिंबाजी ग्रामसेवक तो वाजवायचा.

वाजवायचा म्हणजे खरोखर वाजवायचा. टँकर भरून निघाला तरी वाटेत कुठंतरी हलका होतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खात्री करायची तर शिडीनं वर चढून झाकण उघडायला हवं, आणि लिंबाजीला उंचीची भीती. ही गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. उलट, झाकण उघडून बघणं हे अडाण्यांचं काम, असं तो ऐटीत म्हणायचा. मग टाकीच्या पोटावर बोटाच्या पेरानं वरून खाली ठोकत यायचा. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, आणि एका जागी ठप्प. तिथं खडूची रेघ.

"इथवर हाय पानी," तो म्हणायचा. "शिवप्पा, वरचं चार बोटं कुठं सांडलं?"

शिवप्पा ड्रायव्हर उदगीरकडचा, तोंडाचा गोड. "साहेब, खड्डे लई हायेत हो," म्हणून हसायचा. पण रेघ कधी चुकली नाही. पाच गावांत बोलबाला झाला, की लिंबाजीचं बोट म्हणजे मोजपट्टी. लिंबाजीनंही ते मनावर घेतलं. त्या काळात आपण बोट खिशात घालून न चालता पुढं धरून चालायचो, असं तो आता स्वतःच सांगतो, आणि सांगताना चालून दाखवतो.

असल्या माणसाच्या घरात त्याची बहीण दोन महिने धापा टाकत होती आणि त्याला पत्ता नव्हता.

बहीण म्हणजे धुरपताबाई, त्याची आक्का. आई-बाप रोजानं जायचे तेव्हा दहा वर्षांच्या या पोरीनं त्याला कडेवर वागवलं. पुढं स्वतः रोजानं जाऊन त्याला मॅट्रिकपर्यंत शिकवलं, तेव्हा कुठं तो ग्रामसेवक झाला. लग्न होऊन ती मुखेड तालुक्यात गेली. नवरा वारला, मूलबाळ राहिलं नाही, आणि दुष्काळात तिकडची विहीर आटली तशी लिंबाजीनं तिला कौठाळीला आणलं. आई गेल्यापासून त्याला 'लिंब्या' म्हणणारं माणूस जगात एवढंच उरलं होतं.

ती एक घागर घेऊन टँकरपासून घरी यायची तर वाटेत दोनदा बसायची. कोरडा खोकला, डाव्या बरगडीत चमक, संध्याकाळी अंगात कसर. लिंबाजीनं आधी ठरवलं की ऊन बाधलं. मग ठरवलं की वय झालं. वय होतं बावन्न. शेवटी अशक्तपणावर शिक्कामोर्तब करून त्यानं लाल टॉनिकची बाटली आणली. आक्का ती भावानं आणली म्हणून प्यायची आणि दर घोटाला तोंड वाकडं करायची.

एका सकाळी त्याला दिसलं, की आक्का भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली आहे. त्याची बायको पंचशीला चूल पेटवत होती.

"ही अशी का झोपलीय?"

"आज दिसलं व्हय?" पंचशीला म्हणाली. "बारा दिस झाले. आडवं झालं की दम कोंडतोय त्यांचा. तुमी टँकर बगा."

त्याच दिवशी तो आक्काला घेऊन नांदेडच्या गाडीत बसला. लातूरला का नाही, तर त्याचं असं मत होतं, की नव्या जिल्ह्यात पाट्या नव्या आणि माणसं गोंधळलेली. आजारी माणसाला जुनाच जिल्हा बरा. आणि दवाखान्यात केसपेपर काढताना आणखी एक शहाणपण केलं. आक्काचा पत्ता कौठाळीचा न देता मुखेडकडच्या तिच्या बंद घराचा दिला. दुसऱ्या जिल्ह्याचा पेशंट म्हणून कुणी परत पाठवायला नको! कुणी पाठवणार नव्हतंच, पण पंधरा वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला सरळ उत्तर द्यायला जड जातं.

शिवमूर्ती डॉक्टर देगलूरकडचे, पिकल्या केसांचे, हळू बोलणारे. त्यांनी आक्काला स्टुलावर बसवलं, डाव्या हाताचं बोट तिच्या पाठीवर आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकत खाली येऊ लागले. लिंबाजी दाराशी उभा होता. पहिल्या ठोक्यालाच त्याचे कान टवकारले. वर पोकळ. मधे पोकळ. पाठीच्या मध्याच्या जरा खाली आवाज मेला.

"इथवर हाय!" लिंबाजी ओरडला.

डॉक्टरांनी मान वळवली. "आपण काय करता?"

"टँकर वाजवतो, सर."

डॉक्टर हसले. मग त्यांनी सांगितलं, की ही पाठ वाजवायची विद्या ज्या परदेशी डॉक्टरला पहिल्यांदा सुचली, त्याचा बाप म्हणे खाणावळ चालवायचा आणि आत किती माल शिल्लक आहे हे पिंपं ठोकून बघायचा. बिचाऱ्यांनी हे सहज सांगितलं. लिंबाजीच्या डोक्यात मात्र तेवढंच राहिलं, आणि त्यानंतर डॉक्टर जे महत्त्वाचं बोलले ते या कानानं आत जाऊन त्या कानानं बाहेर गेलं.

आक्काला टेबलावर उशी ठेवून पुढं झुकून बसायला सांगितलं. पाठीत, दोन बरगड्यांच्या मधे, जागा बधीर करून लांब सुई घातली. नळीतून पिवळसर पाणी यायला लागलं, तुरीच्या वरणाच्या निवळीसारखं. बाटली जवळजवळ लिटरभर भरली. लिंबाजीला भोवळ आली म्हणून त्यालाच बाहेरच्या बाकावर नेऊन बसवावं लागलं. आक्का आत पाठीत सुई घेऊन न हलता बसली होती. शेवटी खोकल्याची उबळ आली, सुई काढली, आणि तिनं दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. बाटलीकडं बघून म्हणाली, "गावात घागरभर मिळंना, आन् म्या एवढं घिऊन हिंडत व्हते!"

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हे पाणी फुप्फुसाच्या आत नाही, बाहेर आहे. फुप्फुसावर एक पातळ पडदा असतो, बरगड्यांना आतून दुसरा. त्या दोन पडद्यांच्या मधे ते साचलंय, त्यानं फुप्फुस दाबलं जातं आणि दम लागतो. कुणाला हृदय थकलं म्हणून साचतं, कुणाला न्यूमोनियानं. आक्काला ते टीबीमुळं साचलंय.

"पाणी काढलं म्हणजे आजार काढला असं नाही," ते म्हणाले. "पाणी ही नुसती खूण आहे. दोन महिने रोज इंजेक्शन आणि पूर्ण दीड वर्ष गोळ्या. बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही. समजलं?"

"समजलं, सर," लिंबाजी म्हणाला. त्याचं लक्ष आपल्या बोटाकडं होतं. परतीच्या गाडीत त्यानं पुढचं सीट वाजवून पाहिलं, खिडकी वाजवून पाहिली, स्वतःची मांडी वाजवून पाहिली. आक्का शेजारी खिडकीला डोकं टेकून शांत झोपली होती.

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी त्यानं सगळ्या गावाला ऐकवलं. डॉक्टरच्या आधी आपण कसं ओळखलं, डॉक्टर कसे थक्क झाले. 'छातीत पाणी' असं तो मोठ्यानं सांगायचा. टीबी हा शब्द मात्र त्यानं गिळला. छातीत पाणी म्हणजे कसा प्रतिष्ठेचा आजार वाटतो. टीबी म्हटलं की माणसं आपली घागर चार हात लांब सरकवतात.

इंजेक्शनं शेजारच्या गावच्या सरकारी दवाखान्यात होत होती. गोळ्या नांदेडहून महिन्याच्या महिन्याला लिंबाजी आणायचा. आणि दर रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की आक्काला पाटावर बसवून तिची पाठ वाजवायचा. पहिल्याच रविवारी हुरूप येऊन त्यानं उजवी कूसही वाजवली, तर बरगडीच्या खालच्या टोकाला ठप्प! त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सोमवारी पहिली गाडी धरून एकटाच नांदेडला गेला आणि डॉक्टरांच्या टेबलापुढं उभा राहून म्हणाला, "सर, आता उजव्या बाजूला बी साचलं."

डॉक्टरांनी त्याचाच शर्ट वर करायला लावला, उजव्या बाजूच्या खालच्या बरगडीवर दोन ठोके दिले. ठप्प, ठप्प. "तिथं यकृत असतं, लिंबाजीराव," ते म्हणाले. "तुमच्यातही आहे." रांगेतले सगळे पेशंट हसले. एवढी फजिती झाल्यावर एखाद्यानं बोट आवरलं असतं. लिंबाजीनं एवढाच धडा घेतला, की उजवी बाजू वाजवायची नाही.

चौथा महिना संपला तोवर आक्काची पाठ वरपासून खालपर्यंत ठण्ण वाजू लागली होती. ताप नाही, दम नाही, एका दमात दोन घागरी. फक्त गोळीनं मळमळायचं.

"लिंब्या, आजून किती दिस खाऊ रे ह्या?" तिनं विचारलं.

त्यानं तिला पाटावर बसवलं. तीन वेळा वाजवलं. मग टँकरच्या वहीवर सही करताना करायचा तसा गंभीर चेहरा करून म्हणाला, "साफ मोकळं हाय. पानीच न्हाई तर गोळी कशाची? बंद कर."

"डॉक्टर दीड वरीस म्हनले व्हते," पंचशीला म्हणाली.

"डॉक्टर समद्यालाच दीड वरीस सांगतेत. त्येंच्याकडं बोट नसतंय आपल्यासारखं."

त्या दिवशी टँकरपुढं त्यानं जाहीर केलं, की आक्का ठणठणीत बरी झाली. माणसं खूश झाली. गावचे मोठे शेतकरी किशनराव शर्ट काढून उभे राहिले, "आमचं बी बगा की जरा." त्यांची आई तुळजाबाई आक्काच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "भाऊ असावा तर असा." लिंबाजीला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका तो आनंदानं भरला होता. पंचशीला काय बोलली ते इथं न सांगितलेलं बरं.

गोळ्या घ्यायला कुणी आलं नाही म्हणून दवाखान्याचा माणूस दोनदा मुखेडकडच्या पत्त्यावर जाऊन आला. कुलपाला भेटून परत गेला.

तीन महिने गेले. आक्काच्या चोळीच्या बाह्या ढिल्या झाल्या. खोकला आला की ती घरामागं जायची. लिंबाजीनं ते पाहिलं, नाही असं नाही. पण रविवारी पाठ वाजवली की ठण्ण. पुढच्या रविवारी ठण्ण. मग काळजी कसली? साधा खोकला असेल, चुलीचा धूर असेल. बोट खोटं बोलत नव्हतं, हीच तर खरी गंमत. खोटं बोललं असतं तर आक्काचे तीन महिने वाचले असते.

एका दुपारी पंचशीला घरामागून आली आणि तिनं एक फडकं त्याच्यापुढं टाकलं. राखेत पुरून ठेवलं होतं. त्यावर रक्ताचे डाग होते.

"वाजवा आता ह्ये," ती म्हणाली.

नांदेडला शिवमूर्ती डॉक्टरांनी आक्काची पाठ ठोकली. आवाज पोकळच आला. मग छातीचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. वरच्या बाजूला पांढुरके ठिपके आणि मधे पावलीएवढं भोक.

"तुमचं बोट बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "पाण्याचा थेंब नाही. आजार आता फुप्फुसाच्या आत शिरलाय, आणि तो बोटाला ऐकू येत नाही. थुंकी तपासायला हवी होती, फोटो काढायला हवा होता, आणि मुख्य म्हणजे गोळ्या चालू ठेवायला हव्या होत्या. कधी बंद केल्या?"

"चार म्हैन्याला," आक्का चटकन म्हणाली. "म्याच बंद केल्या. मळमळ व्हायची."

डॉक्टर तिच्यावर रागावले. बरंच बोलले. शिकलेला भाऊ घरात असून असं कसं केलंत म्हणाले. आक्का खाली मान घालून ऐकत होती, आणि लिंबाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. शेवटी तो टेबलापाशी आला.

"म्या बंद करायला लावल्या, सर. वाजवून बगितलं आन् सांगितलं. पत्ता बी खोटा दिला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता ते ओरडले नाहीत. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायचं, म्हणाले. औषधं वाढतील, इंजेक्शनं पुन्हा, पुन्हा दीड वर्ष. आणि या खेपेला मधेच सुटलं तर आपल्या हातात काही राहणार नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यानं विचारलं, "आक्का, ताप येत व्हता, रगत पडत व्हतं. मला सांगितलं का न्हाईस?"

ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. "तू समद्या गावाला सांगितलं व्हतं, बरी झाली म्हनून. तुळजाबाई तुला किती चांगलं म्हनली. तुला खोटं कसं पाडू, लिंब्या?"

लिंबाजीला रडू आवरेना. दवाखान्याच्या व्हरांड्यात, माणसांच्या गर्दीत, चाळिशी उलटलेला ग्रामसेवक तोंडावर रुमाल धरून हमसून हमसून रडला. आपल्या फुशारकीला जपायला ही बाई मरायला तयार झाली होती, आणि आपण दर रविवारी तिच्या पाठीला हात लावून बसत होतो. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

कौठाळीला आल्यावर औषधं सुरू झाली. पण आक्का गोळी दाराआड जाऊन घ्यायची. घरात कुणी बसलेलं असलं की घ्यायचीच नाही. बरी झालेली बाई कसली गोळी खाते, असं कुणी विचारलं तर? पहिल्या आठवड्यात दोन दिवस चुकले. पंचशीलानं गोळ्या मोजून ते दाखवून दिलं.

"त्या लपून खातेत, कारन तुमी बोलून बसलाव," ती म्हणाली. "तुमचं तुमीच निस्तरा."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. घागरींची रांग लागली. लिंबाजी टाकीपाशी गेला, पण त्यानं बोट उचललं नाही. शिवप्पा चकित झाला. "साहेब, वाजवत न्हाई आज?"

"न्हाई," लिंबाजी म्हणाला, आणि रांगेकडं तोंड करून उभा राहिला. "ऐका. माजी आक्का बरी झाली न्हाई. तिला टीबी हाय. पयल्यापून टीबीच व्हता, म्या तुमच्यापून लपवला. डॉक्टरनं दीड वरीस गोळ्या सांगितल्या, आन् म्या शाना, टँकर वाजवनारा, पाठ वाजवून चार म्हैन्यात बंद करायला लावल्या. यकृत वाजवून नांदेडपत्तोर पळालो त्यो बी मीच." मग त्यानं बोट पुढं धरून आपण कसे चालायचो ते चालून दाखवलं. आधी शिवप्पा हसला, मग किशनराव, मग सगळी रांग. लिंबाजी घाम पुसत बोलत राहिला. मुखेडचा खोटा पत्ता सांगितला, व्हरांड्यात रडला तेही सांगितलं. शिडीची भीतीसुद्धा सांगून टाकली.

टीबी म्हटल्यावर तुळजाबाईनं आपली घागर मागं ओढली होती. आणखी दोघीतिघींनी ओढल्या. हसणं झालं तरी त्या घागरी पुन्हा पुढं आल्या नाहीत, आणि त्या रांगेत मोकळी जागा राहिली.

त्या मोकळ्या जागेतून आक्का पुढं आली. कमरेच्या पिशवीतून तिनं गोळी काढली आणि पेला शिवप्पापुढं धरला. शिवप्पानं नळी सोडली. ती सगळ्यांच्या देखत गोळी तोंडात टाकून पाणी प्यायली, आणि पेला पालथा घालून भावाकडं वळली.

"लई बोललास. आता ऐक माजं. उद्यापून पाठ ठोकायची न्हाई. इचारायचं."

लिंबाजीला आधी कळेना. मग त्यानं दोन्ही हात मागं घेतले आणि विचारलं, "आक्का, कशी हाईस?"

"बरी न्हाई," आक्का म्हणाली, रांगेच्या शेवटपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "बरी न्हाई रे, लिंब्या."